मातीपासून जनुकापर्यंत: नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेची चार दशकं

चांदूर बाजार तालुक्यात घरोघरी दोन हिशेब चालू असतात. एक बागेचा: आंबिया बहार किती फुटला, गळ किती झाली, व्यापाऱ्याने बाग केवढ्याला मागितली. दुसरा लेकरांच्या शिक्षणाचा: बारावी सायन्स झालं, आता पुढे काय? हे दोन्ही हिशेब जिथे एकत्र येतात अशी एक जागा आपल्याच विदर्भात आहे. नागपूरला अमरावती रोडवर भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. आपल्याकडचे बागायतदार तिला सरळ 'संत्रा संशोधन केंद्र' म्हणतात. १९८५ साली ती सुरू झाली. या चार दशकांत संत्र्याचं संशोधन मातीपासून मुळाकडे, मुळापासून कलमाकडे आणि कलमापासून जनुकाकडे असं आत आत गेलं. ही वाटचाल आपल्या मुलामुलींना माहीत असायला हवी, कारण तिचा पुढचा टप्पा त्यांच्या शिक्षणाशी थेट जोडलेला आहे.

केंद्राच्या आधी

नागपुरी संत्रा मूळचा इथला नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादकडून तो नागपुरात आणला असं सांगितलं जातं. पुढे तो काटोल, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर असा सातपुड्याच्या पायथ्याने पसरला. विहिरीचं पाणी होतं, काळी जमीन होती, उन्हाळ्यात ताण देऊन मृग बहार धरायची युक्ती लोकांनी अनुभवातून बसवली होती. बागा उभ्या राहिल्या, घरं उभी राहिली.

मग झाडं वरून वाळायला लागली. शेंडेमर म्हणतात ती हीच. पानं पिवळी पडायची, फांद्या टोकाकडून सुकत यायच्या, पंचवीस-तीस वर्षं टिकायचं झाड बाराव्या-पंधराव्या वर्षी जायचं. कोणी खताला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी नशिबाला. १९६६ साली लिलियन फ्रेझर या ऑस्ट्रेलियन वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी देशातल्या बागा पाहून सांगितलं की या ऱ्हासामागे बहुधा ग्रीनिंग नावाचा रोग आहे. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, पुण्याच्या एका संशोधन केंद्रात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी हा रोग सिट्रस सायला ही चिमुकली कीड पसरवते हे प्रयोगाने दाखवलं. तेव्हा ग्रीनिंगचा जंतू विषाणू समजला जाई. तो जीवाणू आहे हे नंतर कळलं. संत्र्याच्या सर्वांत घातक रोगाचा एक धागा महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेत सापडला, ही आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आहे.

१९६९ हे वर्ष विदर्भासाठी महत्त्वाचं. लोकांनी आंदोलन करून मागितलेलं कृषी विद्यापीठ त्या वर्षी अकोल्याला सुरू झालं आणि त्याला पंजाबराव देशमुखांचं नाव मिळालं. पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेत संशोधन करून आलेला आणि पुढे देशाचा कृषिमंत्री झालेला हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच वर्षी राज्यात फळरोपवाटिकांचं नियमन करणारा कायदाही झाला. पण संत्रा, मोसंबी, लिंबू या एका कुळासाठी वाहिलेली राष्ट्रीय संस्था अजून नव्हती. ऐंशीच्या दशकात पानांवर काळी बुरशी चढवणाऱ्या कोळशी रोगाने बागा काळ्या केल्या, तेव्हा ती उणीव प्रत्येक बागायतदाराला जाणवली.

पहिला टप्पा: माती आणि मूळ

१९८५ साली नागपूरला राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र स्थापन झालं. सुरुवातीची वर्षं जमिनीवरच्या प्रश्नांत गेली, आणि तसं होणं योग्यच होतं. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते. साचलेल्या पाण्यात फायटोप्थोरा नावाची बुरशी पोहत मुळापर्यंत जाते. मग बुंध्यातून डिंक वाहतो, साल तडकते, मुळं कुजतात. हाच डिंक्या. केंद्रातल्या डॉ. नक्वी यांनी मध्य भारतातल्या बागांमधल्या फायटोप्थोराच्या प्रजातींवर वर्षानुवर्षं काम केलं. डॉ. श्रीवास्तव यांनी माती आणि पानांच्या पृथक्करणावरून संत्र्याच्या झाडाला काय आणि किती लागतं याचे निकष बांधले. डॉ. लदानिया यांनी तोडणीनंतरच्या फळावर काम केलं. लिंबूवर्गीय फळांवरचा त्यांचा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला जातो.

या काळातून बागायतदारापर्यंत आलेल्या गोष्टी साध्या वाटतात. उताराच्या दिशेने चर काढा. बुंध्याला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. कलम घ्याल तर डोळा जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर वर भरलेला आहे का ते पाहा. शेवटच्या सूचनेमागे पुरतं विज्ञान आहे. संत्र्याची साल फायटोप्थोराला लवकर बळी पडते. डोळा खाली भरला की तीच साल मातीला टेकते.

दुसरा टप्पा: कलम

संत्र्याची बाग खरं तर दोन झाडांची असते. खाली जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. डोळा ज्या मातृवृक्षावरून घेतला त्याच्यात रोग असेल तर तो प्रत्येक कलमात उतरतो. वरूड तालुक्यातलं शेंदूरजना घाट कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून लाखो कलमं दूरवर जातात. म्हणून एका मातृवृक्षाचं आरोग्य हा हजारो बागांचा प्रश्न होतो.

इथे केंद्राने एक नाजूक तंत्र आणलं आणि रुजवलं: शेंडा कलम. हे तंत्र सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला मुराशिगे, नवारो आणि रॉइस्टाकर यांनी विकसित केलं. ते जवळून पाहण्यासारखं आहे. परीक्षानळीत अंधारात वाढवलेलं दोन आठवड्यांचं फिकट रोप घ्यायचं आणि त्याचा शेंडा छाटायचा. संत्र्याच्या नव्या पालवीचं अगदी टोक सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडच्या तुकड्याने काढायचं. ते टोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं, कधी त्याहूनही लहान असतं. त्याला दोन-तीन पानांचे कोंब असतात आणि नुसत्या डोळ्याला ते धुळीच्या कणासारखं दिसतं. ते सुकायच्या आत रोपाच्या खाचेत बसवायचं. श्वास रोखूनच हे काम होतं. निम्मी रोपं जगली तरी हात चांगला बसला असं समजतात. एवढा खटाटोप का? वाढीच्या अगदी टोकाशी झाडाच्या रसवाहिन्या अजून पोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणूही तिथे सहसा पोचत नाही. रोगट झाडातूनही नीरोगी झाड काढता येतं ते याच जागेतून.

पुढे केंद्राने विदर्भात लिंबूवर्गीय फळांचं तंत्रज्ञान अभियान राबवलं. जुन्या, थकलेल्या बागांचं पुनरुज्जीवन, पिशवीतली निर्जंतुक मातीतली रोपं, ठिबक आणि छाटणी यांचा प्रसार त्यातून झाला. संशोधन संस्था आणि बांध यांच्यातलं अंतर या अभियानाने सर्वांत जास्त कमी केलं. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्राचा दर्जा वाढून ते 'केंद्रीय संस्था' झालं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिसरा टप्पा: रोगाची ओळख

मातृवृक्ष नीरोगी आहे हे ठरवायचं कसं? जुनी रीत अशी: संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधायचा आणि वाट पाहायची. ट्रिस्टेझा विषाणू असेल तर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, लिंबाचं पान उजेडासमोर धरलं की शिरांवर पारदर्शक तुटक रेघा दिसतात. पद्धत खात्रीची, पण तेवढ्या काळात रोपवाटिकेतला हंगाम निघून जातो.

ग्रीनिंगचं तर याहून अवघड. त्याचा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवताच येत नव्हता. पानावरची पिवळट छटा जस्ताच्या कमतरतेसारखी दिसते. फरक एवढाच की ग्रीनिंगमध्ये मधल्या शिरेच्या दोन बाजूंचे डाग सारखे नसतात. अनुभवी डोळाही इथे फसतो.

डीएनए चाचणी आली ती इथे. डॉ. दिलीप घोष यांनी ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझाच्या रेण्वीय निदानावर, तर डॉ. दास यांनी पानाफळांवर फोड आणणाऱ्या कँकर रोगाच्या जीवाणूवर दीर्घकाळ काम केलं. चाचणीची रीत बारावी सायन्सच्या मुलालाही समजेल अशी आहे. पानाची मधली शीर कापून घेतात, कारण जीवाणू अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतच राहतो. तिचे बारीक तुकडे द्रव नायट्रोजन ओतून खलात पूड करतात. ती पूड एका द्रावणात ६५ अंशांवर ठेवतात, क्लोरोफॉर्म घालून यंत्रात गरगर फिरवतात, वरचं पाणी काढून त्यात थंडगार आयसोप्रोपेनॉल सोडतात. नळीत पांढरे तंतू तरंगू लागतात. तो डीएनए. मग पीसीआर यंत्र त्यातला फक्त रोगजंतूचा तुकडा शोधून तीस-चाळीस फेऱ्यांत दुप्पट-दुप्पट करत नेतं. महिन्यांची वाट एका दिवसावर येते.

चौथा टप्पा: जीनोम

पीसीआर आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं: हा जंतू आहे की नाही? जीनोमिक्समध्ये सगळा मजकूर वाचला जातो. झाडाच्या, जंतूच्या, किडीच्या पेशीतल्या डीएनएची अक्षरं ओळीने लावायची, मग त्यात काय आहे ते शोधायचं.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत लिंबूवर्गात यातून जे हाती लागलं ते थक्क करणारं आहे. २००९ साली ग्रीनिंगच्या जीवाणूचा पूर्ण जीनोम वाचला गेला, तोही एकाच बाधित सायलामधून मिळवलेल्या डीएनएवरून. सुमारे सव्वाबारा लाख अक्षरांचा हा मजकूर सांगतो की जीवाणूला जगण्यासाठी यजमानावर किती अवलंबून राहावं लागतं. २०१३ मध्ये चीनच्या वूहानमधल्या गटाने गोड संत्र्याचा जीनोम प्रसिद्ध केला: नऊ गुणसूत्रांच्या जोड्या, ३६ कोटींहून अधिक अक्षरं, सुमारे २९ हजार जनुकं. २०१८ साली साठ लिंबूवर्गीय जीनोमांची तुलना झाली आणि या कुळाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामच्या पूर्वेपासून म्यानमार-युन्नानपर्यंतच्या पट्ट्यात असल्याचं दिसलं. मेघालयातल्या गारो टेकड्यांवर नोक्रेकला रानसंत्रा जपण्यासाठी राखीव क्षेत्र आहे. रोगाला तोंड देणारी जनुकं अशा रानटी नातलगांत असतात.

आपल्या रोपवाटिकांशी थेट जोडलेली एक गोष्ट आहे. जंभेरीचं एक बी रुजवलं की त्यातून कधी दोन, कधी तीन रोपं निघतात. त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात, एखादं मात्र परागीकरणातून आलेलं, वेगळं. खुंट म्हणून हवी असतात ती आईसारखीच, म्हणून पन्हेरीतली खुरटी आणि वेगळी दिसणारी रोपं उपटून टाका असं शास्त्रज्ञ सांगतात. हा गुण ज्या जनुकाशी जोडलेला आहे ते जनुक २०१७ साली ओळखलं गेलं. आज डीएनए खुणांवरून कोवळ्या रोपातच खरं-वेगळं ठरवता येतं. ज्या बागायतदाराने सहा वर्षं वाढवलेल्या बागेत मधूनच निराळी झाडं पाहिली असतील, त्याला या खुणेची किंमत सांगायला नको.

कँकरबाबतही असंच. कँकरचा जीवाणू झाडाचंच एक जनुक चालू करून फोड आणतो. फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी त्या जनुकात नेमका बदल केला आणि ग्रेपफ्रूटची झाडं रोगाला दाद देईनाशी झाली. भारतात ३० मार्च २०२२ रोजी काही प्रकारच्या जनुक-संपादित पिकांना जनुकांतरित पिकांच्या कठोर नियमांतून सूट मिळाली, आणि मे २०२५ मध्ये अशा तांदळाच्या दोन जाती जाहीर झाल्या. फळझाडांचा क्रमही येईल.

जीनोम संशोधनाच्या या घाईमागे धाकही आहे. फ्लोरिडात ग्रीनिंग २००५ साली सापडला. त्यानंतर तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरलं. औषध नाही, एकदा शिरला की झाड बरं होत नाही. विदर्भातला सुमारे दीड लाख हेक्टरचा संत्रा सुरक्षित राहायचा असेल तर स्वच्छ रोप आणि सोशिक जात हे दोनच टिकाऊ उपाय आहेत, आणि दोन्हींचा रस्ता जीनोममधून जातो.

स्वच्छ रोप कार्यक्रम

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,७६५.६७ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. देशात नऊ केंद्रं होणार आहेत. द्राक्षाचं पुण्याला, डाळिंबाचं सोलापूरला, आणि लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर व बिकानेर. विषाणू शोधण्यासाठी आधुनिक डीएनए-आरएनए वाचन, शेंडा कलमाने रोपाची शुद्धी, मग नीरोगी मातृवृक्ष आणि तिथून परवानाधारक रोपवाटिका, अशी ही साखळी आहे. संस्थेच्या तिन्ही जुन्या टप्प्यांचं काम इथे एकत्र येतं. आणि या साखळीतल्या प्रत्येक कडीला शिकलेली माणसं लागणार आहेत: नमुने गोळा करणारी, डीएनए काढणारी, यंत्र चालवणारी, संगणकावर अक्षरं जुळवणारी, रोपवाटिकेत जाऊन समजावणारी.

आपल्या मुलामुलींसाठी वाट

"पोराले बायोटेक शिकवून नोकरी कुठं लागते?" हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

बारावीनंतर तीन दारं आहेत. पहिलं आपल्याच गावातलं: चांदूर बाजारच्या टोम्पे महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी., किंवा अमरावतीला शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, श्री शिवाजी विज्ञान महाविद्यालय. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांतलं काहीही चालतं. पाया पक्का हवा आणि जोडीला थोडं संख्याशास्त्र हवं. दुसरं दार कृषीचं: एमएचटी-सीईटीतून कृषी विद्यापीठाच्या पदव्या. अकोल्याच्या विद्यापीठाचं वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय यवतमाळला आहे, बी.टेक. बायोटेक्नॉलॉजी तिथे होतं. तिसरं दार 'आयसर'चं, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचं: पुण्याची संस्था २००६ पासून आहे, प्रवेश स्वतंत्र परीक्षेतून होतो.

एम.एस्सी.साठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी परीक्षा लक्षात ठेवावी. तिच्यातून मिळणाऱ्या जागांना दरमहा विद्यावेतन असतं. कृषी शाखेसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची अखिल भारतीय परीक्षा आहे, तिच्या गुणवत्ता यादीतही शिष्यवृत्ती आहे. ज्यांना संगणक आवडतो त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र आहे. १९८७ पासून चालू असलेलं ते देशातल्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एक. अमरावती विद्यापीठातही जैवतंत्रज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे. घरी राहून शिकायचं असेल तर तो आधी पाहावा.

पीएच.डी.ला पैसे भरावे लागतात हा मोठा गैरसमज आहे. या क्षेत्रात पीएच.डी. करणाऱ्याला पैसे मिळतात. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, नंतर ४२ हजार रुपये, वर घरभाडे भत्ता. विद्यापीठात एम.एस्सी.ला पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 'इन्स्पायर' फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. जून २०२४ पासून नेटमध्ये 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' अशी वेगळी श्रेणीही आली आहे. फेलोशिप हुकली म्हणून दार बंद होत नाही.

राज्याच्या संस्थाही आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, आदिवासींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. या सगळ्या संशोधनासाठी पाठबळ देतात. पदवीच्या काळात बाहेरगावी राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आणि कृषी शिक्षण त्यात येतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे कागद बारावीच्या वर्षातच काढून ठेवावेत. दाखल्याअभावी संधी गेली अशी उदाहरणं प्रत्येक गावात आहेत.

नोकरीबद्दल खरं ते सांगतो. कायम जागा थोड्या आहेत. सुरुवात बहुधा प्रकल्पातल्या कंत्राटी जागेवर होते: प्रोजेक्ट असोसिएट, यंग प्रोफेशनल. संत्र्याची ही संस्था, कापूस संशोधन संस्था, पर्यावरणावर काम करणारी नीरी, या नागपूरच्या तिन्ही ठिकाणी अशा जागा निघतात, अनेकदा थेट मुलाखतीने. जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत थोडी असते, म्हणून दर आठवड्याला पाहायची सवय हवी. तिथे घालवलेली दोन वर्षं पुढच्या पीएच.डी.साठी सोन्याची ठरतात. कायम शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची स्पर्धा परीक्षा आहे. बियाणे कंपन्या, रोगनिदान प्रयोगशाळा, डीएनए वाचन करून देणाऱ्या खासगी कंपन्या हे दुसरं क्षेत्र. स्वतःचं काही उभारायचं असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक संस्थेची 'बिग' योजना नव्या कल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. शेंदूरजना घाटच्या शेजारी रोपांची चाचणी करून देणारी सेवा कोणी वरूड-मोर्शी-चांदूरच्या तरुणाने सुरू केली तर गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही.

बाहेरच्या जगातही हे कुळ मोठं आहे. कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड, फ्लोरिडातलं लेक आल्फ्रेड, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया, फ्रान्सचं कॉर्सिका, चीनचं वूहान इथे लिंबूवर्गीय संशोधनाची नामांकित केंद्रं आहेत. पीएच.डी.त चांगलं काम झालं तर पुढचं संशोधन तिथे करता येतं. आंबिया-मृगाचा ताण, काळी माती, डिंक्या हे ज्याने लहानपणी पाहिलं, त्याच्याजवळ जे ज्ञान आहे ते परदेशी विद्यार्थ्याला पुस्तकातून मिळत नाही.

ज्याच्याकडे आज फक्त लॅपटॉप आहे तोही सुरुवात करू शकतो. संत्र्याचे, जीवाणूचे जीनोम संकेतस्थळांवर फुकट उपलब्ध आहेत. 'गॅलक्सी' नावाच्या मोफत मंचावर प्रोग्रॅमिंग न येताही विश्लेषण करता येतं. स्वयम् आणि एनपीटीईएलवर देशातल्या उत्तम प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक विदा केंद्र सुरू झालं. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो साठा संशोधकांसाठी खुला झाला. माणसाच्या जीनोमचं कामही आपल्यापासून लांब नाही. चांदूर बाजार तालुक्याजवळच मेळघाट आहे. विदर्भाच्या आदिवासी आणि अनेक बहुजन समाजांत आढळणारा सिकलसेल हा डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाने होणारा आजार आहे. गावात जाऊन, समजेल अशा भाषेत सल्ला देऊ शकणाऱ्या जनुक-समुपदेशकांची तिथे मोठी गरज आहे. वऱ्हाडी आणि कोरकू बोलणारी मुलगी हे काम जसं करील तसं बाहेरून आलेला तज्ज्ञ करू शकणार नाही.

पुढचं काम

नक्वी, श्रीवास्तव, लदानिया, घोष, दास: संस्थेची चार दशकं ज्यांच्या कामावर उभी आहेत ती माणसं आपल्या मातीसाठी राबली. त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण पुढच्या चार दशकांत त्या नामावळीत संत्रापट्ट्यातल्या गावांची नावं लागलेल्या मुली आणि मुलं असायला हवीत. आपल्या बागेचं भविष्य ठरवणारं ज्ञान आपल्या घरात तयार झालं पाहिजे, हे पंजाबरावांनी गावोगाव शिक्षण पोचवण्यासाठी जे केलं त्याचंच पुढचं पाऊल आहे.

त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाने बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दरवर्षी एकदा नागपूरच्या संस्थेत न्यावं. सकाळी निघून रात्री परत येता येतं. एम.एस्सी.चा प्रबंध अशा संस्थेत करता येतो, त्यासाठी विभागप्रमुखाचं पत्र आणि शास्त्रज्ञाची संमती लागते. ते पत्र प्राध्यापकांनी आपणहून लिहावं. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि नवं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांच्याकडून संशोधनासाठी निधी मिळतो. छोट्या गावातल्या प्राध्यापकांनीही अर्ज करावेत, आणि अर्जात आपल्याच तालुक्यातल्या बागांचा प्रश्न मांडावा. बागायतदारांनी आपल्या शेतातले नमुने विद्यार्थ्यांना मोकळेपणाने द्यावेत, आजारी झाड लपवू नये. आणि आईवडिलांनी, मुलगी पीएच.डी. करते म्हणाली तर तिला पाच वर्षं द्यावीत. त्या पाच वर्षांत ती फेलोशिपवर स्वतःच्या पायावर उभी असते, आणि ज्या रोगाने आजोबांची बाग नेली त्याच्यावर काम करत असते.